सामान आपलं, भट्टी त्यांची

गेल्या ईदच्या आठ दिवस आधी अम्मीने नेहमीप्रमाणे सामान काढलं. दोन किलो मैदा, पाव किलो रवा, पिठीसाखर, डालडा आणि थोडं घरचं तूप, वेलदोड्याची पूड वेगळ्या पुडीत. स्टीलचा मोठा डबा, झाकणावर चिकटपट्टी आणि तीवर माझं नाव. ती म्हणाली, "बेकरीत देऊन ये. चाचांना सांग, गेल्या वर्षीसारखी जास्त भाजू नका." मी डबा घेऊन गेलो. चाचा गल्ल्यावर बसले होते, समोर कंपनीच्या ब्रेडचे पुडे. माझ्या हातातला डबा बघून म्हणाले, "सर, इस बार माफ करो. भट्टी हफ्ते में दोही दिन लगती. नानखटाई को गर्मी नहीं मिलती."

मी डबा परत घेऊन आलो. अम्मीला कारण सांगितलं तर तिला ते पटेना. भट्टी आहे, जागेवर आहे, मग गर्मी कशी मिळत नाही?

ज्यांनी विटांची भट्टी आतून पाहिलेली नाही, त्यांना हे समजावून सांगायला हवं. रात्री लाकडं घालून भट्टी तापवतात. निखारे बाजूला ओढले की तळाच्या लाद्या आणि वरची कमान, दोन्ही रसरसलेल्या असतात. त्या पहिल्या जोराच्या आंचेवर पाव लागतो. पावाच्या लाद्या निघाल्या की आंच उतरते, मग खारी आणि बिस्किटं. त्याहून उतरली की नानखटाई, कारण तिला मंद आणि सगळीकडून सारखी गर्मी लागते. आणि शेवटी, पहाट उलटल्यावर, उरलेल्या उबेत टोस्ट आणि बटर वाळत पडतात. कालचा न खपलेला पावही कापून त्यातच जातो. एका तापवण्यात चार-पाच प्रकारचा माल निघतो आणि काही वाया जात नाही. पण हे गणित भट्टी रोज पेटली तरच जमतं. विटा पूर्ण थंड झाल्या की पुन्हा तापवायला दुप्पट लाकूड जातं. पावाला गिऱ्हाईक नसेल तर पाव नाही, पाव नाही म्हणून भट्टी नाही, आणि भट्टी नाही म्हणून आमची नानखटाई नाही. अम्मीच्या डब्याचा आणि शहरातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या ब्रेडचा संबंध असा आहे.

माझ्या लहानपणी आमच्या गावात, सातारा जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव, अशा पाच बेकऱ्या होत्या. आता दीड आहे. दीड म्हणतो, कारण चाचांची अर्धीच धरावी लागते.

सामान देऊन नानखटाई करून घ्यायची ही पद्धत फक्त आपल्या घरांत नाही. दिवाळीच्या आधी याच बेकरीत ब्राह्मण आळीतले, माळवाडीतले डबे लागायचे. उन्हाळ्यात सुट्टीला पोरं येणार म्हणून बिस्किटं करून घ्यायचे. डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या, कुणी डालड्याऐवजी साजूक तूप दिलेलं, आणि त्या बाईचं बारीक लक्ष की आपलं तूप दुसऱ्याच्या डब्यात तर जात नाही ना! परातीत तूप आणि साखर तळहाताने फेसणारा कारागीर, ओट्यावर बसून नंबरची वाट बघणारी बायामाणसं. शाळेच्या स्नेहसंमेलनात एकोप्यावर भाषणं मीही खूप दिली आहेत. त्या ओट्यावर कुणी भाषण देत नव्हतं, तिथे फक्त आपला ट्रे कधी निघतो याची घाई असायची.

आता मुंबईचं. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात आदेश दिला की लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनावर यावं. महापालिकेच्या नोटिसा गेल्या. त्यानंतर आमच्या व्हॉट्सअॅप गटांवर एकच सूर लागला: आपला धंदा मारायला हे चाललंय. मला हा सूर मान्य नाही, आणि हे इथेच लिहिलेलं बरं.

धूर खरा आहे. स्वस्त पडतं म्हणून बेकऱ्यांत पाडलेल्या इमारतींचं, मोडक्या फर्निचरचं भंगार लाकूड जळतं. त्याच्यावर रंग असतो, पॉलिश असतं, प्लायचा डिंक असतो. हा धूर पहिल्यांदा जातो तो भट्टीसमोर उभ्या कारागिराच्या छातीत, आणि दुसऱ्यांदा वरच्या मजल्यावरच्या घरात, जिथे बहुतेक वेळा आपलीच माणसं राहतात. माझ्या वर्गातला एक मुलगा बेकरीच्या मागच्या चाळीत राहायचा, हिवाळ्यात दर पंधरा दिवसांनी खोकल्याने घरी. त्याच्या आईने कधी तक्रार केली नाही, कारण बेकरी मामाची. कोर्टाने तक्रार केली म्हणून कोर्ट शत्रू होत नाही.

माझा आक्षेप दुसऱ्या जागी आहे. भट्टी बदलायला सहा महिने दिले, पण ती बदलायची कशाने? जुन्या गल्लीत गॅसची पाइपलाइन आलेली नाही. सिलिंडर ठेवायचे तर जागा हवी आणि अग्निशमनचा दाखला हवा. विजेची भट्टी घ्यायची तर काही लाख रुपये आणि वर व्यापारी दराचं बिल. शिवाय तिथे उतरत्या आंचेचं ते जुनं गणित चालत नाही. टोस्ट वाळवायचा तरी मीटर फिरतोच. जो माल फुकटच्या उबेत निघत होता, त्याचीही किंमत मोजावी लागते. हा फरक मोठ्या कारखान्याला जाणवत नाही. चाळीस-पन्नास किलो मैद्याच्या बेकरीला जाणवतो.

पण आमच्या गावात कुठल्या कोर्टाची नोटीस आली होती? तरी पाचाच्या दीड झाल्या. म्हणजे मरण आधीपासून चालू होतं.

थोडं मागे जाऊ. सरकारने १९६५ मध्ये स्वतः ब्रेडचे कारखाने काढले, 'मॉडर्न' नावाचे. माझ्या पिढीला तो मेणकागदातला ब्रेड आठवत असेल. तो ब्रेड आजारी माणसासाठी आणायचा, चहाबरोबर पावच. पुढे २००० मध्ये ती कंपनी हिंदुस्थान लिव्हरला विकली गेली. दुसरीकडे ब्रेड हा लघुउद्योगांसाठी राखीव ठेवलेल्या वस्तूंच्या यादीत होता. ही यादी हळूहळू कापत आणली आणि एप्रिल २०१५ मध्ये शेवटच्या २० वस्तू काढल्या. त्यात लोणचं होतं, मेणबत्ती होती, उदबत्ती होती, काचेच्या बांगड्या होत्या आणि ब्रेडही होता. त्या दिवशी आपल्यापैकी किती जणांनी ती बातमी वाचली? मीही नाही वाचली. फार नंतर कळली. ज्या धंद्यात आपली एवढी माणसं, त्याच्या कायद्याकडे आपलं लक्ष नव्हतं. आपलं लक्ष चॅनेलवरच्या भांडणांकडे होतं.

जागेचीही गोष्ट आहे. बेकरीला तळमजला लागतो, मागे खोल जागा लागते, वर पोतं ठेवायला माळा. भर बाजारातल्या अशा जागेला बिल्डर जे देतो ते बेकरी वीस वर्षांत देत नाही. वडील वारले की चार भाऊ, दोन बहिणी. बहिणींचा हिस्सा द्यायलाच हवा, तो अल्लाहने ठरवलेला आहे आणि आपण तो बऱ्याचदा बुडवतो. पण हिस्सा द्यायचा म्हणजे बेकरीच विकायची, याशिवाय दुसरी वाट कुणी काढत नाही. भाड्याचा वाटा देता येतो, नफ्याचा देता येतो, हिशेबाची वही मात्र हवी. वही नसते.

आणि पैसा. २०२० पासून केंद्राची सूक्ष्म खाद्य उद्योगांसाठी योजना आली, जिला पीएमएफएमई म्हणतात. प्रकल्पाच्या खर्चावर ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. बेकरी त्यात बसते. पण अनुदान बँकेच्या कर्जाला जोडलेलं. चाचांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "और ब्याज?" मी गप्प बसलो. फतवा देण्याचा अधिकार माझा नाही, आणि व्याजाला घाबरणाऱ्या माणसाची चेष्टा करणाऱ्यांतलाही मी नाही. तो भिऊन राहतो ती त्याची दियानत आहे. मात्र व्याज नको म्हणणाऱ्या समाजाने बिनव्याजी पैशाची सोय उभी करायला हवी होती. आमच्या गावात तीन मशिदींत मिळून गेल्या दहा वर्षांत दोनदा फरशी बदलली, एकदा एसी बसले. जकातीच्या आठ हकदारांत कर्जात बुडालेला माणूस कुराणाने स्पष्ट घातला आहे. तरी आपली जकात रमजानमध्ये पन्नास-पन्नासच्या नोटांत वाटली जाते. दहा बेकऱ्यांची मिळून एक बिनव्याजी पतसंस्था काढणं अशक्य आहे का? मला वाटत नाही. त्यासाठी फक्त एकमेकांचा हिशेब एकमेकांना दाखवावा लागेल, आणि तिथेच सगळं अडतं.

गेली काही वर्षं मोबाइलवर येणाऱ्या 'यांच्याकडून घेऊ नका'वाल्या संदेशांवर फार लिहावंसं वाटत नाही. चाचांच्या गिऱ्हाइकांपैकी काही तुटली, बरीचशी टिकली. वडापाववाला अजून पहाटे पाच लाद्या नेतो. मराठी शिकवताना मी मुलांना नेहमी विचारतो, वडापाव कुठला? मग सांगतो, वडा संस्कृतातून आला, आत बटाटा आहे तो शब्द पोर्तुगीज, पाव पोर्तुगीज. मैदा फारसी वळणाचा, आणि पाव फुगवणारं खमीर अरबी. पोरं हसतात. एकाने एकदा विचारलं, "सर, फिर मराठी क्या है?" मी म्हटलं, "हे सगळं एकत्र करून दहा-पंधरा रुपयांना विकतो तो."

तोच मुलगा बेकरीवाल्याचा नातू. दहावीनंतर त्याला आयटीआयमध्ये बेकर आणि कन्फेक्शनरचा ट्रेड करायचा होता. मार्क चांगले होते. मीच त्याला म्हणालो, "अरे, भट्टीसमोर बसायला आयटीआय कशाला? डिप्लोमा कर." त्याच्या वडिलांनाही तेच हवं होतं. रात्रभर जागायचं, मैद्याच्या पोत्यांवर झोपायचं, उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर सणाला गावी गेले की स्वतः पीठ मळायचं, हे मुलाच्या वाट्याला येऊ नये असं कुठल्याही बापाला वाटेल. डिप्लोमा झाला. दोन वर्षं नोकरी मिळाली नाही. आता पुण्यात एका मॉलमध्ये बेकरीच्या काउंटरवर आहे. गोठवलेले गोळे कारखान्यातून येतात, हा ते ट्रेमध्ये मांडतो आणि बटण दाबतो. मी भेटलो तेव्हा म्हणाला, "सर, यहाँ आटा कोई नहीं गूँधता. मुझे आता है, मगर किसी ने पूछा नहीं."

मी त्याला चुकीचा सल्ला दिला असं आता सरळ म्हणतो. तो शिकायचंच म्हणत होता. आम्ही शिक्षक मंडळी शिक्षण म्हणजे हाताचं काम सोडणं, असं समजून बसलो. बाप-आजोबांचा धंदा शिकलेल्या पोराच्या हातात गेला असता तर तो वही ठेवायला शिकला असता, फूड लायसन्सचं नूतनीकरण वेळेवर केलं असतं, पाकिटावर नाव छापलं असतं. पुण्यात कॅम्पातल्या ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरी १९५५ पासून आहे. श्रुजबेरी बिस्किटांसाठी लोक अजून रांग लावतात. म्हणजे हाताने केलेल्या मालाला गिऱ्हाईक नाही हे खोटं. आमच्या चाचांची नानखटाई त्याहून कमी नाही, हे मी गावाचा म्हणून म्हणतोय असं समजा हवं तर. पण तिला नाव नाही, डबा गिऱ्हाइकाचाच.

साफसफाईचं मात्र ऐकून घ्यावं लागेल. उघडी पीठाची परात, कोळ्यांची जाळी, घाम पुसत मळणारा माणूस. गिऱ्हाइकाने पाकिटातला ब्रेड घेतला तर तो केवळ जाहिरातीला भुलला असं म्हणता येत नाही. अर्थात पाकिटातलं सगळं निर्मळ असतं असंही नाही. पावाच्या पिठात घालायचं पोटॅशियम ब्रोमेट २०१६ मध्ये बंदी घालेपर्यंत मोठमोठ्या नावांच्या ब्रेडमध्येही सापडलं होतं.

अम्मीने शेवटी नानखटाई घरीच केली, कुकरमध्ये मीठ घालून. वरून तडकली, आतून कच्ची राहिली. ईदला आलेल्यांनी कौतुक करून खाल्ली.

मागच्या रविवारी मी चाचांच्या बेकरीत कागदपत्रं बघायला बसलो. योजना कुठलीही असो, पतसंस्था निघो न निघो, कागद तर लागणारच. पत्र्याच्या पेटीत विजेची जुनी बिलं होती, नगरपालिकेच्या पावत्या होत्या, मैद्याच्या गिरणीची चिठ्ठी होती. दुकानाचा परवाना सापडला तो चाचांच्या वालिदांच्या नावावर. ते वारून बावीस वर्षं झाली. वारस म्हणून पाच सह्या लागतील, त्यातली एक बहीण सोलापूरला, एक भाऊ दुबईत. चाचा म्हणाले, सोलापूरवालीचा हिस्सा अजून द्यायचा राहिलाय, आधी तिला फोन करतो. पुढच्या रविवारी पुन्हा बसणार आहोत.