‘पास आउट’ : पदवी की मूर्च्छा?

‘आमची धाकटी यंदा पास आउट झाली,’ असे एखाद्या आईने सांगितले की आपण पेढ्यांची वाट पाहतो. हेच वाक्य तिने लंडनमधल्या शेजारणीला इंग्रजीत सांगितले, तर ती बिचारी घाबरून विचारेल, ‘मग आता शुद्धीवर आली का?’

इंग्लंड-अमेरिकेत रोजच्या बोलण्यात ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणे. ‘शी पास्ड आउट इन द हीट’ म्हणजे उन्हाने तिला भोवळ आली आणि ती बेशुद्ध पडली.

मग आपला अर्थ चुकीचा आहे का? अगदीच तसे नाही. लष्करी प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडणे हा अर्थ ब्रिटिश इंग्रजीतही आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील दीक्षान्त संचलनाला ‘पासिंग आउट परेड’ म्हणतात, ते याच अर्थाने. मे २०२५ मध्ये तिथून मुलींची पहिली तुकडीही ‘पास आउट’ झाली. आपण मात्र हा शब्द शाळा-कॉलेजलाही लावतो. भारतात तो सर्वांना कळतो, परदेशात नाही. म्हणून परदेशी नोकरीच्या अर्जात ‘आय पास्ड आउट इन २०१९’ असे न लिहिता ‘आय ग्रॅज्युएटेड इन २०१९’ असे लिहावे. पदविका असेल, तर ‘आय कम्प्लीटेड माय डिप्लोमा’ म्हणावे.

तिसरा अर्थ वाटण्याचा. ‘द टीचर पास्ड आउट द पेपर्स’ म्हणजे बाईंनी पेपर वाटले. इथे काय वाटले ते वाक्यातच येते. बेशुद्धीच्या अर्थी असे कर्म येत नाही.

सर्वांत जपायचे ते ‘पास अवे’शी होणाऱ्या गोंधळाला. ‘पास अवे’ म्हणजे निधन होणे. परगावी एकट्या राहणाऱ्या वडिलांच्या शेजाऱ्यांचा फोन आला, ‘युअर फादर हॅज पास्ड आउट,’ तर रडत बसू नका. वडील बेशुद्ध आहेत, त्यांना तातडीने मदत हवी आहे. डॉक्टर बोलावले का, रुग्णवाहिका निघाली का, हे आधी विचारा. आणि असा निरोप देण्याची वेळ तुमच्यावर आली, तर सरळ ‘ही इज अनकॉन्शस’ म्हणा. ऐकणाऱ्याच्या मनात शंका उरणार नाही.