आधी पियानो, मग ऑर्केस्ट्रा

एकांकिकांना, शॉर्ट फिल्मना संगीत देणारी मुलं हल्ली वरचेवर विचारतात, ‘ऑर्केस्ट्रासाठी लिहायला शिकायचंय, काय ऐकू?’ त्यांना वीस नावांची यादी हवी असते. मी दोनच रेकॉर्डिंग सांगतो, आणि दोन्हींत रचना एकच: मुसोर्गस्कीची ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’.

मुसोर्गस्कीचा मित्र, चित्रकार आणि वास्तुरचनाकार व्हिक्तोर हार्टमान १८७३ मध्ये अकाली गेला. पुढच्या वर्षी त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं आणि ते पाहून ही रचना झाली, फक्त पियानोसाठी. तिला ऑर्केस्ट्राचा साज चढवला रावेलनं, १९२२ मध्ये. धून तीच, वाद्यं निराळी. शिकणाऱ्याला आणखी काय हवं? पियानोसाठी स्व्यातोस्लाव रिख्तरची सोफियातली १९५८ची मैफल घ्या. श्रोत्यांचं खोकणं ऐकू येतं, येऊ द्या. ऑर्केस्ट्रासाठी फ्रिट्झ रायनर आणि शिकागो सिम्फनी, १९५७.

रावेलकडे मात्र लगेच धावू नका. रचनेतलं एक चित्र, म्हणजे एक भाग, पियानोवर चार-पाचदा ऐका, नोटेशन समोर ठेवा आणि पेन्सिलीनं लिहा, ही धून मी कुठल्या वाद्याला दिली असती. ‘जुना किल्ला’ या भागात खालचा एक स्वर शेवटपर्यंत सुटत नाही, आपल्या तंबोऱ्याच्या षड्जासारखा. पियानोवरचा स्वर वाजताक्षणी विझू लागतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा वाजवावा लागतो. त्यावरची उदास धून रावेलनं अल्टो सॅक्सोफोनला दिली. सिम्फनी ऑर्केस्ट्रात हे वाद्य क्वचितच दिसतं. मी विचारलेल्या जवळजवळ प्रत्येकानं तिथे व्हायोलिन लिहिलं होतं, कारण की-बोर्डवर बोट आधी ‘स्ट्रिंग्ज’कडेच जातं. सॅक्सोफोनच्या आवाजात श्वास आहे, माणूस आहे. हा फरक पुस्तक वाचून कळत नाही.

आणि मग ‘बिद्लो’. बैलगाडीचं चित्र. रावेलची गाडी दुरून हळूच येते, एकटा ट्यूबा गातो, गाडी जवळ येते, पुन्हा लांब विरून जाते. सुंदर आहे. पण रावेलच्या हाती रिम्स्की-कोर्साकॉव्हनं संपादलेली प्रत होती आणि तिच्यात सुरुवात हलकी केलेली होती. मुसोर्गस्कीच्या हस्तलिखितात पहिल्या स्वरापासून पूर्ण जोर आहे. गाडी येत नाही, ती आधीच छातीवर आहे. रिख्तर तशीच वाजवतो. मला हीच गाडी खरी वाटते. चाकाखालचा चिखलही त्यात ऐकू येतो.

मूळ जोर ठेवायचा तर एकट्या ट्यूबावर भागेल का? माझ्या मते नाही. गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीनं ती धून चार हॉर्नना दिली होती. रिख्तर ऐकून आली, त्यातले दोन हॉर्न खोडले आणि खाली डबल बेस व बासून लिहिले.