ओरडली का नाही, पळाली का नाही?

नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन आम्ही वॉर्डात उभ्या राहिलो, तेव्हा ताप मोजायला आणि सलाईन लावायला शिकलो होतो. भीती मोजायला कोणी शिकवले नव्हते. रात्रपाळीला वस्तीतली एखादी बाई यायची. "सिस्टरबाई, छाती धडधड करते, हातपाय गार पडले, जीव जाते का काय." ईसीजी निघायचा, तो बरोबर असायचा. डॉक्टर म्हणायचे, टेन्शन आहे. आणि आम्ही तिच्या पाठीमागे एकमेकींना म्हणायचो, नाटक करते. चूक आमची होती म्हणून हे लिहितो. घरी गेल्यावर सासू म्हणायची, बाहेरचं झालं, मग लिंबू उतरवणारा यायचा. दवाखान्यात नाटक, घरात बाधा. हा शरीराचा आजार असू शकतो, हे तिला कोणीच सांगितले नाही.

ही गोष्ट आम्हाला एका माशामुळे नीट समजली. हसू नका.

आपण बाजारात कल्ले उचलून रोहू-कतला घेतो. त्याच मोठ्या कुळातला, बोटाएवढा, अंगावर निळे पट्टे असलेला झेब्राफिश नावाचा मासा आहे. तो आपल्याच देशातल्या ओढ्यांत आणि धानाच्या बांध्यांत राहतो. आता जगभरच्या प्रयोगशाळांत तो आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था इथेही त्याच्यावर त्वचेचे, हृदयाचे काम झाले. २०१३ साली त्याचा जनुकसंच वाचून झाला, तेव्हा माणसाच्या शंभरातल्या सुमारे सत्तर जनुकांना त्याच्यात जोड सापडली. या माशाला नव्या टाकीत सोडले की तो आधी तळाशी जातो. धीर आला की वर येतो. घाबरलेला मासा तळ सोडत नाही. तो किती मिनिटे तळाशी राहिला हे घड्याळ लावून मोजतात. तेव्हा त्याच्या अंगात कॉर्टिसॉल वाढते. भीतीच्या वेळी आपल्या रक्तात वाढते तेही कॉर्टिसॉलच.

२०१० साली जपानमधल्या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग छापला. इशारा झाला की मागोमाग विजेचा झटका, असे माशांना शिकवले. साधे मासे इशारा होताच पळापळ करू लागले. काही माशांच्या मेंदूतल्या हॅबेन्युला नावाच्या छोट्या भागातली एक वाट बंद केलेली होती. ते पळाले नाहीत, जागच्या जागी गोठले. हा भाग माणसाच्या मेंदूतही आहे. माशावरून माणसाचा निकाल लावू नये, हे आम्हालाही कळते. पण पळायचे की गोठायचे हे दरवेळी विचार करून ठरत नाही, एवढे तरी त्यातून घ्या. अत्याचार झालेल्या, मार खाल्लेल्या बायांसोबत आम्ही पोलीस ठाण्यात बसलो आहोत, आपल्या वस्तीच्या बैठकीतही बसलो आहोत. पहिला प्रश्न ठरलेला असतो. ओरडली का नाही? पळाली का नाही? त्या बाईलाही उत्तर ठाऊक नसते, म्हणून ती मान खाली घालते, आणि खाली घातलेली मान म्हणजे कबुली असे लोक धरतात. हा प्रश्न बंद झाला पाहिजे. ठाण्यातून तो जाईल तेव्हा जाईल, आपल्या बैठकीतून तो याच महिन्यात काढता येतो.

अजून एक जुनी गोष्ट. कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९३८ साली दाखवले की माशाची कातडी फाटली की तिच्यातून काहीतरी पाण्यात उतरते, आणि ज्यांना ओरखडाही नाही असे थव्यातले बाकी मासे घाबरून पळतात. ते वाचताना आम्हाला २००६ चे खैरलांजी आठवले. ते गाव भंडाऱ्यात, आम्ही वर्ध्यात. तरी कितीतरी रात्री आमच्या वस्तीतल्या बाया दाराला दोनदा कडी लावून पाहायच्या. त्यांना वेड लागले नव्हते.

आता गोळी आणि दारू. आपल्या जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. मोहाची कुठे मिळते हे मात्र पोरांनाही ठाऊक. टाकीत थोडी दारू टाकली तर घाबरलेला मासा धीट होऊन वर येतो. पण तिची सवय लावून ती बंद केली, की तो पहिल्यापेक्षा जास्त घाबरतो. झोपेच्या गोळीचेही तसेच. धीर यावा म्हणून पिणारा माणूस सकाळी जास्त भितो, आणि मग पुन्हा पितो. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय रोज गोळी आणणाऱ्या बायांचेही तेच होते. ज्यांना सवय लागली आहे त्यांनी दारू किंवा गोळी एकदम बंद करू नये, झटके येऊ शकतात. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करावी.

सेवाग्राम आणि सावंगी, दोन मोठी दवाखान्यांची कॉलेजे जिल्ह्यात आहेत. पण मजुरी बुडवून मनाच्या ओपीडीत कोण जाते? शेजारच्या अमरावतीत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना ऐकायला-बोलायला शिकवून घरोघरी पाठवले, जास्त त्रास असलेल्यांना मनोविकारतज्ज्ञाकडे नेले. नैराश्य असलेल्या शंभरांतले जेमतेम चार जण उपचारापर्यंत पोचत होते, दीड वर्षात ते सत्तावीस झाले. विहार समित्यांनी आठवड्यातला एक तास आम्हाला द्यावा. बीपीचे यंत्र आम्ही आणू, चटई तुमची.

तोवर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. पहिल्यांदा लावताना जीभ अडखळते. हाक मारा, आम्ही शेजारी बसून लावून देऊ.