तीन टिंबांनी खाल्लेला 'नका'

फोनच्या पडद्यावर ही ओळ दिसली, तर तुम्ही काय समजाल? 'हा ओटीपी कोणालाही सांगू…'

मूळ वाक्याच्या शेवटी 'नका' आहे. इंग्रजीत 'डू नॉट' सुरुवातीलाच येतं, त्यामुळे वाक्याचं शेपूट कापलं तरी मनाई शिल्लक राहते. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागे. कात्री नेमकी त्यावरच पडते. मला यात दोष अनुवादाचा वाटत नाही. लेबलाचं माप ठरवण्याच्या सवयीचा वाटतो.

लेबल म्हणजे अ‍ॅपमधली मजकुराची चौकट. तिला स्वतःचं माप काढता येतं. फॉन्टमधून प्रत्येक आकृतीची रुंदी घ्यायची, मिळालेल्या जागेत ओळी पाडायच्या आणि ओळींच्या उंचीची बेरीज करायची. हे काम अक्षरं मोजून होत नाही. 'स्त्री' हा शब्द संगणकाच्या लेखी 6 चिन्हांचा आहे, पण पडद्यावर तो एकच जोडाक्षर म्हणून उमटतो. शिवाय आपल्या लिपीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असतात. इंग्रजी पाहून उंची बांधून टाकली, की 'बँक'वरचा चंद्र छाटला जाऊ शकतो.

आयफोनच्या 'यूआयलेबल'मध्ये काहीच बदललं नाही, तर एकच ओळ मिळते आणि जागा संपली की शेवट कापून टिंबं येतात. ओळींची संख्या 0 केली, तर त्याचा अर्थ 'लागतील तितक्या ओळी' असा होतो. अँड्रॉइडवर अक्षरांचं माप 'एसपी'मध्ये दिलं, तर ते वापरणाऱ्याने निवडलेल्या आकाराप्रमाणे वाढतं. 'डीपी'मध्ये दिलं, तर वाढत नाही. पण अक्षरं वाढली आणि चौकट तेवढीच राहिली, तर पुन्हा तेच.

याची किंमत कोण मोजतं? सुट्टीत घरी गेल्यावर आपण आईबाबांच्या फोनवर मराठी भाषा आणि मोठी अक्षरं लावून देतो, ते. आयफोनवर नेहमीचा मजकूर 17 पॉइंटचा असतो, तो सर्वांत मोठ्या सेटिंगला 53 होतो. म्हणजे ज्यांना इशाऱ्याची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याच पडद्यावर तो अर्धवट दिसण्याचा धोका अधिक.

'मग आमचं डिझाइन बिघडतं,' असं डिझायनर म्हणतात. बिघडू दे की! पडदा वर सरकवता येतो. न दिसलेला 'नका' वाचता येत नाही. बातमीचा मथळा कापला तर चालेल; इशारा, रक्कम आणि औषधाची मात्रा कापलेली चालणार नाही.

तुमच्यापैकी बरेच जण सॉफ्टवेअरमध्ये आहात. या आठवड्यात आपल्या अ‍ॅपमध्ये एक लांब मराठी वाक्य टाका, अक्षरं सर्वांत मोठी करा आणि शेवटचा शब्द दिसतो का, एवढंच पाहा.