सामायिक पासवर्ड

विभागाच्या नावाने उघडलेल्या फेसबुक-खात्याचा पासवर्ड सर्वांना ठाऊक असणे, ही म्हणे ‘वाचनालयाची परंपरा’! सांगलीतील आमच्या काही सहकाऱ्यांचा हा युक्तिवाद आम्हांस मुळीच मान्य नाही. वाचनालयात पुस्तक सर्वांचे असते, पण नोंदवहीत नेणाऱ्याचे नाव असते. पुस्तक फाटून आले तर विचारायला माणूस सापडतो. येथे मात्र एका नवकवीची जाहीर टवाळी झाली आणि ती कोणी लिहिली, हे आजतागायत कळलेले नाही. लेखकाच्या मृत्यूविषयीचा रोलां बार्थचा १९६७ चा निबंध आम्ही वर्गात शिकवतो. त्याची अंमलबजावणी स्टाफरूममध्ये व्हावी, अशी खुद्द बार्थचीही अपेक्षा नसावी.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले. परगावच्या विद्यार्थ्यांना याच खात्यावरून निरोप द्यायचा होता. दुसऱ्या संगणकावरून प्रवेश करू गेलो, तर ओटीपी गेला निवृत्त झालेल्या सरांच्या मोबाईलवर, आणि तो बंद. पासवर्ड अकरा जणांकडे आणि दार उघडेना!

खात्याऐवजी विभागाचे ‘पेज’ उघडले, तर प्रत्येकाला आपापल्या नावाच्या खात्यातून तेथे लिहिता येते. कोणी काय लिहिले, ते निदान ते सांभाळणाऱ्यांना दिसते. नेमके तेच नको असेल, तर परंपरेचे नाव कशाला घ्यावे?