विश्लेषण : आजोबांची पद्मिनी ४० वर्षांची, पण कायद्याच्या लेखी 'विंटेज' नाही! मग ती रस्त्यावर कशी आणायची?

रिसोड तालुक्यातील केनवडला आमच्या घरामागच्या शेडमध्ये, सोयाबीनच्या पोत्यांना लागून, एक प्रीमियर पद्मिनी उभी आहे. आजोबांनी ती १९८५ मध्ये घेतली. ते गेल्यानंतर तिला कुणी हात लावला नाही. यंदा ती पुन्हा सुरू करायची असे घरात ठरले आणि लगेच वाद झाला, आधी मिस्त्री गाठायचा की आरटीओ? थोडी चौकशी केल्यावर उत्तर मिळाले : आधी आरटीओ. इंजिन कधी ना कधी सुरू होईल, पण कागद जुळले नाहीत तर त्यावर केलेला खर्च शेडमध्येच पडून राहील. वडिलोपार्जित गाडी असलेल्या अनेक घरांपुढे सध्या हाच पेच आहे. ऑगस्ट २०२५ मधील शुल्कवाढीनंतर तो अधिक महाग झाला आहे.

नेमके काय बदलले?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. मोटारीसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५ हजार रुपये होते. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांचा वेगळा गट केला. आता अशा मोटारीला १० हजार, दुचाकीला २ हजार, तर आयात केलेल्या चारचाकीला ८० हजार रुपये लागतात. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटून गेली असेल तर मोटारीला विलंबापोटी महिन्याला ५०० रुपयांची तरतूद आहे. दहा-बारा वर्षे बंद पडलेल्या गाडीसाठी नेमकी किती रक्कम निघते, हे कार्यालयातून आधी काढून घ्यावे. पत्रा ठोकायला देण्याआधी.

'१५ वर्षांनी गाडी भंगारात द्यावीच लागते' असे गावोगाव सांगितले जाते. ते खरे नाही. वयावरून बंदीचे प्रकरण दिल्ली-एनसीआरचे आहे. महाराष्ट्रात गाडी तपासणीत पास झाली, तर तिची नोंदणी पुढे चालू राहते.

विंटेज नोंदणी केली तर सुटका होईल?

जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीला २० हजार, दहा वर्षांनी पुनर्नोंदणीला ५ हजार रुपये. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येते. गाडी आधीच नोंदलेली असेल, तर तिचा जुना क्रमांक ठेवता येतो. अशा गाडीला थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यातही ५० टक्के सवलत आहे.

ऐकायला छान वाटते, पण अडचणी दोन. पहिली वयाची. १९८५ ची पद्मिनी २०३५ मध्ये ५० वर्षांची होईल. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाच्या, म्हणजे 'फिवा'च्या व्याख्येत ३० वर्षे पुरेशी असतात. जर्मनीत ३० वर्षांच्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला वेगळी ऐतिहासिक प्लेट मिळते. ब्रिटनमध्ये ४० वर्षांनंतर रस्ताकर माफ होतो. आपल्याकडे मात्र २० ते ५० या वयातल्या गाडीला वारसा म्हणून कोणतेही स्थान नाही. ती फक्त जुनी गाडी असते आणि दुप्पट शुल्क भरते. मध्यमवर्गाने आणि सधन शेतकऱ्यांनी पहिल्यांदा घेतलेल्या बहुतेक गाड्या नेमक्या याच वयाच्या आहेत : पद्मिनी, ॲम्बेसेडर, पहिली मारुती ८००. धोरणातली ही पोकळी सरकारला दिसत नसेल असे नाही. प्रदूषण करणाऱ्या जुन्या गाड्या कमी व्हाव्यात हा हेतू रास्तही आहे. पण वर्षाला पाचशे किलोमीटर चालणारी घरची गाडी आणि रोज धावणारी खटारा जीप यांना एकाच मापाने मोजले जाते.

दुसरी अडचण वापराची. विंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर काढता येते. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक दसऱ्याच्या सोहळ्यात दिसते. तशा गाड्यांना हा नियम सोयीचा आहे. आमच्या आजीला मात्र त्या गाडीतून रिसोडच्या बाजाराला जायचे आहे. त्यामुळे पद्मिनी उद्या ५० वर्षांची झाली तरी आमचा मार्ग साध्या नूतनीकरणाचाच.

गाडी कुणाच्या नावावर?

खरी गाठ इथे आहे. मालक वारल्यानंतर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये अर्ज करून गाडी नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. शेतीचा फेरफार लोक वेळेवर करतात, गाडीचा कुणाच्या डोक्यातही येत नाही. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण कागद वाढतात. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, बाकीच्या वारसांची संमती. आमच्याकडे तीन काका आणि दोन आत्या. गाडीची बाजारभावाने किंमत फारशी नाही, तरी सही मागायला गेले की प्रत्येकाला आपली एक आठवण आणि आपला एक हिशेब असतो. नोंदणी पुस्तकात वारसदाराचे नाव आधीच लिहून ठेवण्याची सोय २०२१ पासून झाली आहे. घरात जुनी गाडी असेल आणि मालक हयात असतील, तर हे एक काम याच आठवड्यात करता येईल.

वाशीम जिल्ह्यात आणखी एक फाटा आहे. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. आज वाशीमच्या गाड्यांना एमएच-३७ मिळतो, पण त्याआधीच्या गाड्यांचा माग अकोल्याकडे, म्हणजे एमएच-३० कडे काढावा लागतो. १९८९ पूर्वीच्या गाड्यांवर तर तीन अक्षरांचे जुने क्रमांक आहेत. हाती लिहिलेली अशी नोंद संगणकावर चढलेली नसेल, तर आधी ती 'बॅकलॉग' म्हणून चढवून घ्यावी लागते. तोवर ऑनलाइन अर्ज पुढे सरकत नाही. म्हणून पहिले काम : मूळ आरसी पुस्तक शोधणे आणि त्यातला चेसिस व इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहणे. दोन्ही जुळत नसतील, तर मध्ये कधीतरी इंजिन बदलले आहे आणि त्याची नोंद केलेली नाही, असा अर्थ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल परवानगीशिवाय चालत नाही. रंग बदलला तरी आरसीवर नोंद हवी.

आता गॅरेजचे काय?

पद्मिनी म्हणजे फियाट ११०० चाच भारतीय अवतार. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात ती बनत असे. इंजिन १०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ. इलेक्ट्रॉनिक्स नाही, त्यामुळे तालुक्याचा जुना मिस्त्रीही ती उघडू शकतो. आजच्या गाडीबद्दल असे म्हणता येणार नाही.

बंद गाडीला धक्का मारून सुरू करणे ही सर्वांत मोठी चूक. अनेक वर्षांत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून चिकटलेल्या असतात. स्पार्क प्लग काढून त्या जागी थोडे तेल सोडावे, काही दिवस थांबावे आणि इंजिन हाताने फिरवून पाहावे. फिरले तर निम्मी लढाई जिंकली. त्याच्याही आधी ब्रेक. ब्रेकच्या सिलिंडरमधले रबर कडक होते, ऑइल गळते. सुरू झालेली गाडी थांबली नाही तर काय, हा विचार उत्साहात राहून जातो. वायरिंग उंदरांनी कुरतडलेले असणार हे धरूनच चालावे. सर्वांत मोठा खर्च मात्र इंजिनाचा नसतो, पत्र्याचा असतो. फरशी, दारांचा तळ आणि डिकी आतून सडलेली असते. वरून पुट्टी-रंग मारून दिलेली गाडी दोन पावसाळ्यांत पुन्हा फुगते.

सुटे भाग आता अवघड होत जातील. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली. टॅक्सी होत्या तोवर भागांना गिऱ्हाईक होते. आता उरला तो जुना साठा, नाहीतर लेथवर बनवून घेणे.

आणि पेट्रोल?

पंपावर आता मिळते ते २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते आणि जळण्यासाठी त्याला हवाही कमी लागते. नव्या गाडीतला संगणक हे ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटरला ते कळत नाही. मिश्रण पातळ राहते, इंजिन तापते, गाडी अडखळते. त्यावर उपाय म्हणजे थोडा मोठा जेट बसवणे. जुन्या रबरी नळ्या आणि डायाफ्राम बदलून इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घ्यावेत. इथेनॉल पाणी शोषते, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आतून गंजते. टाकीतला जुना गाळही ते सोडवते आणि तो फिल्टरमध्ये येऊन अडकतो.

भंगारात दिलेली बरी का?

नोंदणीकृत भंगार केंद्रात गाडी दिली, तर प्रमाणपत्र मिळते आणि नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. हिशेबाने पाहिले तर हेच स्वस्त. नूतनीकरण, विलंब शुल्क, पत्रा, इंजिन, टायर यांची बेरीज गाडीच्या किमतीच्या कितीतरी पुढे जाते आणि पाच वर्षांनी पुन्हा १० हजार द्यायचेच. घरात मतभेद आहेत ते याच आकड्यावरून. मोठ्या काकांच्या मते हा शुद्ध वेडेपणा आहे. त्यांचे गणित चुकीचे नाही.

तूर्त आरसी पुस्तक सापडले आहे, आजोबांच्या पीककर्जाच्या फाइलमध्ये. इंजिन क्रमांक जुळला. तिसऱ्या दिवशी इंजिन हाताने अर्धा फेरा फिरले. तपासणीसाठी गाडी वाशीमला टेम्पोवर टाकूनच न्यावी लागेल, कारण नोंदणी नसताना ती रस्त्यावर आणता येत नाही. चार सह्या झाल्या आहेत. धाकटी आत्या म्हणाली, आधी गाडी सुरू करून दाखवा, मग सही.