प्रवेशाच्या वेळी न विचारलेला प्रश्न

बारावीचा निकाल लागला की व्यापारी कुटुंबांत एक निराळीच धावपळ सुरू होते. बार्शी, लातूर, जळगाव, सांगली अशा पेठांच्या गावांतून मुलगे-मुली पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांकडे निघतात. पेढीचे काम दोन दिवस मुनिमांवर सोपवून वडील सोबत जातात. आई वसतिगृहाची खोली डोळ्यांखालून घालते. भोजनगृहात कंदमुळे वर्ज्य करून स्वयंपाक होतो काय, सूर्यास्तापूर्वी ताट मिळेल काय, याची बारकाईने चौकशी होते आणि ती व्हावयासच हवी. शुल्काचे हप्ते, पाण्याची सोय, दरवाजा बंद होण्याची वेळ, सारे विचारले जाते. एवढे मात्र बहुधा राहून जाते : या महाविद्यालयात लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी समिती कोठे बसते, तिच्या अध्यक्षा कोण, आणि या विषयाचे शिक्षण मुलामुलींना वर्षातून किती वेळा दिले जाते?

संकोच समजण्यासारखा आहे. मुलीच्या देखत हा विषय काढावा कसा, आणि संस्थाचालकांना तो अविश्वास वाटला तर, असे मनात येते. वास्तविक या प्रश्नाचे उत्तर देणे हे महाविद्यालयाचे कायदेशीर कर्तव्य आहे. राजस्थानात १९९२ साली बालविवाह रोखण्याचे सरकारी काम करणाऱ्या भंवरीदेवी यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्या घटनेनंतर महिला संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ निकाल आला. कामाच्या ठिकाणासाठीचा कायदा २०१३ साली झाला, तर उच्च शिक्षणसंस्थांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे स्वतंत्र विनियम मे २०१६मध्ये राजपत्रात आले. त्यांनुसार प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती हवी. तिच्या अध्यक्षपदी ज्येष्ठ महिला प्राध्यापक हवी. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थीही समितीत हवेत, आणि एक सदस्य बाहेरच्या सामाजिक संस्थेचा हवा. विभागप्रमुख, अधिष्ठाता अशा सत्तेच्या पदांवरील व्यक्तींना समितीत घेता येत नाही. समिती सदस्यांची नावे व संपर्क ठळक जागी लावणे आणि शिक्षेची माहिती प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत छापणे हेही बंधनकारक आहे.

विनियमांचा खरा भर मात्र समितीच्या आधीच्या कामावर, म्हणजे प्रतिबंधावर आहे. विद्यार्थी, प्राध्यापक आणि कर्मचारी यांच्यासाठी नियमित प्रबोधन आणि प्रशिक्षण घ्यावे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. पुष्कळ ठिकाणी ‘नियमित’ या शब्दाचा अर्थ वर्षारंभी सभागृहात झालेले एक व्याख्यान एवढाच घेतला जातो. पाहुण्यांचे स्वागत, श्रीफळ, तासाभराचे भाषण, छायाचित्र, आणि अहवालात एक ओळ. कित्येकदा त्या व्याख्यानाला केवळ मुलींनाच बोलावले जाते, जणू सारी शिकवणी त्यांचीच राहिली आहे. दिवाळीला वहीपूजन करून वर्षभर रोजमेळ कोरा ठेवणाऱ्या दुकानदाराला बाजारात कोणी शहाणा म्हणणार नाही. येथे मात्र तेच चालते.

अशा एका व्याख्यानाने काय साधते, याचे मोजमाप परदेशांत अधिक काटेकोरपणे झाले आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातील संशोधकांनी २०१४ साली लैंगिक हिंसा रोखण्याच्या उपक्रमांची १४० मूल्यमापने तपासली. एका बैठकीत उरकलेल्या छोट्या कार्यक्रमांनी श्रोत्यांची माहिती वाढते, वर्तन मात्र बदलत नाही, असे त्यांना आढळले. ज्या थोड्या उपक्रमांचा वर्तनावर खरा परिणाम दिसला, त्यांतील एक तेरा-चौदा वर्षांच्या शाळकरी मुलामुलींसाठी होता आणि त्याचे दहा पाठ होते. महाविद्यालयाची पायरी चढेपर्यंत पुष्कळ सवयी घट्ट झालेल्या असतात, हे यातून सहज उमगावे.

दुसरा दाखला कॅनडाचा. विंडसर विद्यापीठाच्या प्राध्यापिका शार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांतील प्रथम वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींचा अभ्यास केला. तो २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला तीन-तीन तासांच्या चार बैठका दिल्या, दुसऱ्या गटाला प्रथेप्रमाणे माहितीपत्रके. वर्षभरानंतर माहितीपत्रके मिळालेल्या गटात बलात्काराचे प्रमाण ९.८ टक्के होते, तर बैठका घेतलेल्या गटात ५.२ टक्के. बैठकांत काय होते? धोका बहुधा परिचिताकडून येतो हे ओळखणे, परिचिताला ‘नाही’ म्हणताना मनात उभा राहणारा भिडस्तपणा ओलांडणे, प्रतिकाराचा शारीरिक सराव, आणि स्वतःला नाते कसे हवे आहे याचा विचार. यातील भिडेचा मुद्दा मराठी घरांना विशेष लागू पडतो. ‘ओळखीच्यांचा मुलगा’, ‘सरांचा शब्द’, ‘लोक काय म्हणतील’ या तीन गोष्टींपुढे चांगल्या धीट मुलीचाही आवाज बसतो.

तथापि केवळ मुलींना सावध करून भागणार नाही. तसे केले तर गुन्हा टाळण्याची जबाबदारीही तिच्याच शिरावर येते. मुलग्यांना संमती म्हणजे काय हे कोणी तरी शांतपणे, उदाहरणे देऊन सांगितले पाहिजे : गप्प राहणे ही संमती नव्हे, भीतीने दिलेला होकार ही संमती नव्हे, आणि एकदा दिलेला होकार मागे घेता येतो. मित्रमंडळीत कोणी एखादीचे छायाचित्र फिरवू लागला तर त्याला थांबवायचे कसे, सहलीच्या रात्री एखादी मुलगी अडचणीत दिसली तर तिच्याजवळ जाऊन काय बोलायचे, याचा प्रत्यक्ष सराव घ्यावा लागतो. सहल आणि महाविद्यालयाची बसही विनियमांच्या कक्षेत येते, हे ठाऊक असणारे विद्यार्थी थोडे. प्राध्यापकांचा पाठ निराळा. गुण, हजेरी, शिफारसपत्र त्यांच्या हाती असते, आणि त्या बळावर केलेली मागणी हाही छळच ठरतो.

समितीच्या सदस्यांनाही शिकावे लागते. गोवा विद्यापीठातील एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ साली विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. चौकशी झाली, बडतर्फी झाली, उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पण १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फीचा आदेश रद्द करून प्रकरण फेरचौकशीसाठी परत पाठविले, कारण समितीने अवाजवी घाई करून बचावाची पुरेशी संधी दिली नव्हती. चौदा वर्षे उलटूनही तक्रारदार विद्यार्थिनींच्या हाती अंतिम निकाल नव्हता आणि आरोप झालेल्या व्यक्तीच्याही नाही. त्याच निकालात न्यायालयाने देशभरातील समित्या तपासण्याचे आणि सदस्यांना प्रशिक्षण देण्याचे निर्देश दिले.

हा भाग संस्थांच्या विश्वस्तांनी लक्षपूर्वक वाचावा. वसतिगृहे आणि शाळा काढणे ही या समाजाची जुनी परंपरा आहे. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना १८९९ची, आणि तिच्या वसतिगृहांतून शिकलेल्यांच्या कित्येक पिढ्या झाल्या. आजही अनेक व्यापारी घरांतील वडीलधारे कोणत्या ना कोणत्या संस्थेच्या विश्वस्त मंडळावर असतात. ‘आमच्याकडे एकही तक्रार नाही’ असे तेथे अभिमानाने सांगितले जाते. तक्रार नसण्याचे एक कारण सुरक्षितता असू शकते. दुसरे असे, की समितीचे नाव कोणाला ठाऊकच नाही. कोणते कारण खरे, हे विद्यार्थ्यांना विचारल्यावाचून कळत नाही. कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी अठरा वर्षांखालील असतात, त्यांना बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा, २०१२ लागू होतो. तेथे प्रकरण आपसांत मिटविण्याचा मार्गच बंद आहे : संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीचा गुन्हा पोलिसांना कळविला नाही, तर त्यालाच एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. दहा वा अधिक नोकर असलेल्या पेढीलाही २०१३च्या कायद्याने अंतर्गत समिती आवश्यक आहे, हे जाता जाता सांगितलेले बरे.

आणि घर? शिक्षणाची सर्वांत लांब साखळी तेथेच आहे. सुटीत आलेली मुलगी जेवताना सहज म्हणते, ‘एक सर विचित्र वागतात.’ त्यावर ‘मग त्यांच्या खोलीत गेलीसच कशाला?’ असा प्रश्न आला, तर पुढचे वाक्य ती गिळून टाकते. ‘चल, सामान आण, पुरे झाले शिक्षण’ असे उत्तर आले, तर मोठ्या बहिणीचे काय झाले ते पाहून धाकटीही तोंड उघडत नाही. आधी ऐकून घ्यावे, केव्हा काय झाले ते तारखांसह तिच्याच शब्दांत लिहून ठेवावे, निरोपांचे पुरावे मोबाइलमधून पुसू नयेत. मुलग्याशीही याच मोकळेपणाने बोलावे. त्याला मित्राविषयी काही खटकले असेल तर तेही घरी सांगता आले पाहिजे.

तारखा लिहिण्याला आणखी एक कारण आहे. समितीकडे लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. प्रकार पुन्हा पुन्हा घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून. जुलैत घडलेली गोष्ट दिवाळीच्या सुटीत उघड झाली, तर ही मुदत उलटलेली असू शकते. अशा वेळी विलंबाचे कारण अर्जात स्पष्ट लिहावे. समिती ते नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते, आणि लिहिणे जमत नसेल तर अर्ज लिहून घेण्यास मदत करणे हे समितीचेच काम आहे. पोलिसांत जाण्याचा मार्ग याहून वेगळा असून तो समितीच्या निर्णयावर अवलंबून नाही. गुन्हा कोठेही घडलेला असो, फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदविता येते. महिला मदतवाहिनीचा क्रमांक १८१ आहे.